लाट कोणी आणली?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य होते : 'विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी स्थलांतरितांची लाट येऊन धडकली.' मार्गदर्शक बाईंनी 'लाट' या शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि समासात दोनच शब्द लिहिले, 'कोणी आणली?'

वाक्य मी बऱ्याच हौसेने घडवले होते, त्यामुळे आधी राग आला. दोन दिवसांनी ध्यानात आले की ते मुळी माझे नव्हतेच. मी वाचत होतो त्या इंग्रजी पुस्तकांत माणसे एकेकटी येतच नव्हती. ती 'वेव्ह'मध्ये येत होती, 'टाइड'बरोबर वाहत होती, त्यांचा 'सर्ज' होत होता. तेच शब्द मी उचलून मराठीत ठेवले होते. मग प्रबंध बाजूला सारला आणि काही आठवडे हे सागरी शब्द इंग्रजीत कुठून आले, समुद्र सोडून माणसांच्या व्यवहारात कसे शिरले, याचाच माग काढत बसलो. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम 'वेव्ह'च पाहू. हात हलवून निरोप देणे आणि समुद्राची लाट यांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, हा योगायोग नव्हे. जुन्या इंग्रजीत 'इकडून तिकडे हलणे' अशा अर्थाचे एक क्रियापद होते. लाटेला त्या काळी निराळेच नाम होते. सोळाव्या शतकात ते मागे पडले आणि त्याच्या जागी या क्रियापदापासून झालेले 'वेव्ह' हे नाम रुळले. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी पाणी नाही, केवळ हालचाल आहे. पुढे उष्णतेपासून गुन्हेगारीपर्यंत वाटेल त्या गोष्टीला तो चिकटू शकला, त्याचे बीज कदाचित इथेच असावे.

'टाइड'ची गोष्ट मात्र मला अधिक गोड वाटते. आज या शब्दाचा अर्थ भरती-ओहोटी. पण जुन्या इंग्रजीत तो होता 'काळ', 'समय'. जर्मन भाषेत काळाला आजही 'त्साइट' म्हणतात. दोघे सख्खे भाऊ. नाताळच्या दिवसांना इंग्रजीत 'यूलटाइड' म्हणतात, त्यात समुद्राचा थेंबही नाही. 'टाइम अँड टाइड' कोणासाठी थांबत नाहीत, या म्हणीतही मुळात दोन्ही शब्दांचा रोख काळाकडेच होता. भरतीची कल्पना मागाहून चिकटली. समुद्राच्या पाण्याची ठरलेली वेळ म्हणून 'टाइड', आणि होता होता ते पाणीच 'टाइड'.

आता आपल्याकडे वळून पाहा. संस्कृत 'वेला' या शब्दाचे अर्थ कोशात पाहिले तर काळ, मर्यादा, समुद्रकिनारा आणि भरती असे सगळे एकत्र सापडतात. आपली 'वेळ' त्यातूनच आली. दोन भाषा, दोन निराळे समुद्र, आणि काळाची नि भरतीची हीच सांगड.

'टाइड ओव्हर' या वाक्प्रचारात तर खलाशांचे सगळे शहाणपण साठलेले आहे. कॅप्टन जॉन स्मिथ याने १६२७ साली खलाशांसाठी जे सागरी व्याकरण छापले, त्यात याचा अर्थ दिला आहे : अनुकूल भरती किंवा ओहोटी असेल तेव्हा तिच्याबरोबर पुढे जायचे, प्रवाह उलटला की नांगर टाकून थांबायचे आणि पुढच्या फेरीची वाट पाहायची. आज इंग्रजीत पगार होईपर्यंत उसने पैसे घेऊन दिवस काढण्याला हाच वाक्प्रचार वापरतात. आपण त्याला 'वेळ भागवणे' म्हणतो. इथेही वेळच!

भरतीच्या या जुन्या शब्दांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांत माणूस हजर आहे. तो पाणी पाहतो, थांबतो, निर्णय घेतो. आपल्या कोकणातही उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे तिथीवरून सांगणारी माणसे आहेत. पाणी त्यांच्या ताब्यात नसते, पण पाण्याचा हिशेब त्यांच्यापाशी असतो.

असाच हिशेब ज्यात दडला आहे तो दुसरा शब्द 'सर्फ', म्हणजे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा फेसाळ पट्टा. हा शब्द आपल्या फार जवळचा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखनात तो दिसू लागतो तो प्रामुख्याने भारताच्या किनाऱ्याच्या वर्णनात. त्याआधीचे 'सफ' असे एक रूप आढळते, आणि त्याचे मूळ एखाद्या भारतीय भाषेत असावे असा कोशकारांचा कयास आहे. कयासच, सिद्धान्त नव्हे. समाजमाध्यमांवर हा शब्द 'शंभर टक्के संस्कृत' असल्याचे सांगणारे कोणी भेटले, तर त्यांना नम्रपणे पुरावा मागावा.

मूळ कुठलेही असो, इंग्रजांना या शब्दाची इतकी गरज का पडली हे मात्र स्पष्ट आहे. मुंबईला निसर्गानेच बंदर दिले. मद्रासला काहीच दिले नाही. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने जिथे जमीन मिळवली आणि पुढे सेंट जॉर्ज किल्ला बांधला, तिथे उघडा, सरळ वाळूचा किनारा होता. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत आणि मधल्या पट्ट्यात लाटांच्या रांगांवर रांगा फुटत. कंपनीचा गव्हर्नर असो, विलायतेहून आलेली मेमसाहेब असो की दारूची पिंपे असोत, प्रत्येकाला हा पट्टा ओलांडूनच किनारा गाठावा लागे. इंग्रजी जहाजांच्या होड्या त्यात फुटून जात.

तो पट्टा ओलांडण्याची विद्या होती ती तिथल्या तमिळ आणि तेलुगू नावाड्यांपाशी. त्यांच्या 'मसुला' होडीत लोखंडी खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत, त्यामुळे लाटेचा तडाखा बसला की होडी फुटण्याऐवजी लवे. सुकाणूवरचा तांडेल मागे लांब वल्हे धरून उभा राही, लाटा न्याहाळी आणि नेमक्या लाटेच्या पाठीवर होडी घाली. सोबत ओंडके बांधून केलेले तराफे असत, कोणी पाण्यात पडले तर उचलायला. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. इंग्रजीतला 'कॅटमरान' तो हाच. विल्यम डॅम्पियरने १६९७च्या प्रवासवर्णनात कोरोमंडल किनाऱ्यावरच्या या तराफ्यांची नोंद केली आहे. जहाजावरची महत्त्वाची पत्रे हे तराफेवाले आपल्या निमुळत्या टोपीत कोरडी ठेवून आणीत.

लाटा फारच खवळल्या की किनाऱ्यावर एक निशाण चढे : आज उतरू नका. निशाण चढले की कंपनीचे सारे वैभव समुद्रात तिष्ठत उभे. मद्रासमध्ये उतरलेल्या इंग्रजांच्या आठवणींत नावाडी अडवणूक करून जादा पैसे मागतात, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. मला ती वाचताना प्रत्येक वेळी थोडे हसू येते. संपूर्ण साम्राज्याची नाडी दिवसातून काही मिनिटे का होईना, काथ्याने शिवलेल्या होडीतल्या माणसाच्या हाती असे, आणि त्याला त्याचे मोल ठाऊक होते. बंदराचे बांधकाम सुरू झाले ते १८७०च्या दशकात. १८८१च्या चक्रीवादळाने त्यातलेही बरेच उद्ध्वस्त केले.

पुढे 'सर्फ' पूर्वेकडे प्रवास करता झाला. १७७९ साली कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील जेम्स किंग याने हवाई बेटांवर फळीवर पालथे पडून लाटांवर स्वार होणारे लोक पाहिले आणि लिहून ठेवले. हवाईच्या लोकांकडे या खेळाला स्वतःचे नाव होते, 'हेए नालू'; जगाने मात्र 'सर्फिंग' हेच नाव उचलले. १९९२ साली जीन आर्मर पॉली या अमेरिकी ग्रंथपाल बाईंनी आपल्या एका लेखाला 'सर्फिंग द इंटरनेट' असे शीर्षक दिले आणि ते घरोघरी पोहोचले. म्हणजे रात्री दोन वाजता अंथरुणात पडून आपण 'सर्फिंग' करतो, त्या शब्दात मद्रासचा तांडेल अजून उभा आहे, फक्त आता कोणाचेही नाक पाण्यात जात नाही.

'सर्ज'वर फार थांबत नाही, पण एक गंमत सांगण्याजोगी आहे. लॅटिन भाषेतील 'उठणे' या धातूपासून तो आला. 'इन्सर्जंट', म्हणजे बंडखोर, हाही त्याच घरातला. २००७ साली अमेरिकेने इराकमध्ये वीस हजारांहून अधिक जादा सैनिक पाठवले, त्याला वृत्तपत्रांनी 'सर्ज' म्हटले आणि ज्यांच्याविरुद्ध ते पाठवले त्यांना 'इन्सर्जंट'. दोन्ही बाजू उठल्याच होत्या. एका बाजूचे उठणे लाटेसारखे भव्य, दुसऱ्या बाजूचे बेकायदा.

'त्सुनामी' मात्र हसून सोडून देण्यासारखा शब्द नाही. जपानी भाषेत 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. खोल समुद्रात ही लाट इतकी पसरट असते की वरून जाणारी होडी तिला ओळखत नाही. ती उंच होते ती किनाऱ्याजवळ. १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर अशा लाटेने सुमारे बावीस हजार माणसे नेली. समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना काही जाणवले नाही. ते परतले तेव्हा बंदर आणि घरे उरली नव्हती. 'बंदराची लाट' हे नाव अशा माणसांच्या डोळ्यांनी दिलेले आहे. एलायझा सिडमोर आणि लफ्काडिओ हर्न यांच्या लेखनातून हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे आला. तोवर इंग्रजीत याला 'टायडल वेव्ह' म्हणत, ज्यात भरतीचा काडीचा संबंध नव्हता.

२६ डिसेंबर २००४ नंतर हा शब्द जगातल्या प्रत्येक भाषेत गेला, आणि पाठोपाठ त्याचा लाक्षणिक वापरही. ई-मेलची त्सुनामी, मतांची त्सुनामी. वृद्धांची संख्या वाढते आहे, तर इंग्रजी वृत्तपत्रांत 'सिल्व्हर त्सुनामी'. आपले आजी-आजोबा चार वर्षे अधिक जगले, ही एका घराला आनंदाची बातमी. ती धोरणाच्या कागदावर नैसर्गिक आपत्ती होऊन येते. शब्द बदलला की आजोबांच्या पेन्शनकडे पाहण्याची नजरही बदलते.

आता माणसांच्या लाटांकडे येतो. इथे मला लिंकन स्टेफन्स या अमेरिकी पत्रकाराची फार मदत झाली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातील एका प्रकरणाला त्याने शीर्षकच दिले आहे, 'मी गुन्हेगारीची लाट आणतो'. काळ १८९०चे दशक, स्थळ न्यूयॉर्कचे पोलीस मुख्यालय. तळघरात पोलीस आणि वार्ताहर गप्पा मारीत बसत. तिथे ऐकलेली एका चोरीची हकीकत स्टेफन्सने छापली. जेकब रीस हा दुसऱ्या पत्राचा वार्ताहर. त्याच्या संपादकाने विचारले, ही बातमी आपल्याकडे का नाही? मग रीसने एक वेगळी चोरी शोधून छापली. चढाओढ सुरू झाली, बाकीची पत्रे त्यात उतरली, आणि पाहता पाहता शहरात गुन्हेगारीची लाट आली. लोक घाबरले, राजकारणी बोलू लागले. पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांनी दोघांना बोलावून घेतले, दोघांनी आवरते घेतले आणि लाट ओसरली. गुन्हे वाढलेच नव्हते. वाढल्या होत्या त्या बातम्या. अभ्यासक्रमात हे प्रकरण सक्तीचे करावे, असे माझे मत आहे.

लाटेचे रूपक नेहमी बाहेरच्यांनीच लादलेले असते, असेही नाही. १० मार्च १९६८च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवार पुरवणीत मार्था वाइनमन लिअर यांनी 'स्त्रीवादाची दुसरी लाट' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. दुसरी आली म्हटल्यावर आधीची आपोआप 'पहिली' ठरली. १८४८च्या सेनेका फॉल्स परिषदेतील बायांना आपण पहिल्या लाटेत आहोत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चळवळीला हे नाव उपयोगी पडले. आपल्यामागे काहीतरी आहे असा आधार त्याने दिला. पण दोन लाटांच्या मध्ये खळगा असावाच लागतो. म्हणून १९२० ते १९६० ही चाळीस वर्षे 'काही न घडलेली' ठरली. त्या वर्षांत कामगार संघटनांत लढणाऱ्या स्त्रिया, आणि कायद्याने मताधिकार मिळूनही दक्षिणेतील राज्यांत मतदानापासून रोखल्या गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया, या खळग्यात पडल्या. नॅन्सी ह्युइट यांनी २०१०मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाचे 'नो परमनंट वेव्हज' हे नाव या रूपकालाच चिमटा काढते, आणि केस कुरळे करण्याच्या 'पर्म'लाही. तो खळगा आपल्या इतिहासावर बसवून पाहिला तर त्याचा फोलपणा लगेच दिसतो : अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते जानेवारी १९२७मध्ये, आपल्या पुण्यात.

आता माझ्या वाक्याकडे. जून १९१०मध्ये 'फोरम' या अमेरिकी मासिकात हर्मन शेफावर यांचा एक लेख आला, 'द टाइड ऑफ टर्बन्स'. फेट्यांची भरती. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकूड गिरण्यांत, रेल्वेमार्गांवर आणि फळबागांत राबणाऱ्या पंजाबी माणसांविषयीचा हा लेख. ते बहुतेक शीख होते, काही मुसलमान. अमेरिकी कागदपत्रांत सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हटले जाई.

ही 'भरती' केवढी होती? १८९९ ते १९१४ या पंधरा वर्षांत अमेरिकेत आलेले भारतीय सुमारे सात हजार. एकट्या १९०७ साली अमेरिकेत एकूण स्थलांतरित आले १२,८५,३४९. त्या समुद्रात आपली माणसे म्हणजे ओंजळभर पाणी. पण युरोपातून आलेल्या बारा लाखांना फेटा नव्हता.

आणि हे पाणी आपोआप आलेले नव्हते. पंजाबातील जमिनीवरचे कर्ज होते. हाँगकाँग आणि शांघायमध्ये इंग्रजांच्या चाकरीत पहारा देणारे शीख होते, त्यांनी घरी पत्रे लिहिली. बोटींच्या कंपन्यांचे दलाल तिकिटे खपवीत होते. गिरणीमालकांना स्वस्त मजूर हवे होते. १९०८ साली कॅनडाने असा नियम केला की मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आलेल्यांनाच प्रवेश. भारतातून तशी बोट सुटतच नसे. कॅनडाचा दरवाजा असा मिटल्यावर माणसे दक्षिणेला अमेरिकेकडे वळली. यातल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी सही केलेली आहे, कोणीतरी कमिशन घेतलेले आहे. 'टाइड' म्हटले की या सह्या पुसल्या जातात आणि उरतो तो चढत येणारा समुद्र. समुद्र चढत असेल तर बांध घालणे हेच शहाणपण ठरते.

बांध घालणे सुरूही झाले होते. ४ सप्टेंबर १९०७च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांच्या जमावाने भारतीय गिरणी कामगारांना बिछान्यांतून ओढून काढले, मारझोड केली, सामान लुटले. पोलिसांनी त्यांना 'संरक्षणा'साठी नगरभवनाच्या तळघरात ठेवले. दोन दिवसांत सारे भारतीय गाव सोडून गेले. जमावातील कोणालाही शिक्षा झाली नाही. वाहून कोण आले आणि वाहवून कोणी नेले, हे इथे उघड दिसते. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग प्रवेशबंद केला. १९२० साली लॉथ्रॉप स्टॉडर्ड याने गोऱ्या वर्चस्वाची भीती घालणारे पुस्तक लिहिले, त्याच्याही नावात 'रायझिंग टाइड'. १९२३ साली भगतसिंग थिंड या, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या शिखाला सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. १९४६ साली बंदी सैल झाली तेव्हा भारतीयांसाठी कोटा ठरला वर्षाला शंभर.

या 'भरती'त दोन मराठी नावेही आहेत. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि पंजाबी मजुरांमध्ये मिसळून त्यांना संघटित करीत होते. पुढे ते मेक्सिकोत मोठे कृषिशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे सिएटलला अभियांत्रिकी शिकायला गेला आणि गदर चळवळीत सामील होऊन १९१४च्या अखेरीस कर्तारसिंग सराभाबरोबर परतला. दोघांनाही १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी झाली. परतणारी ही माणसे कोणत्या लाटेत मोजायची, याचे उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडले नाही.

गेल्या महिन्यात ते प्रकरण पुन्हा लिहिले. एका वाक्याच्या जागी आता सव्वा पान आहे : त्यात कर्ज आहे, दलाल आहेत, बोटीचे भाडे आहे, कॅनडाचा नियम आहे, गिरणीमालक आहेत. बाईंनी वाचले, पेन्सिल उचलली आणि या वेळी दुसऱ्याच शब्दाभोवती वर्तुळ काढले. मी लिहिले होते, 'मजुरांचा ओघ वाढला.'